दक्षिणेचं ऊन

१

डोरीन हॉब्सन सापडली ती खुर्चीत बसलेली. मांडीवर शब्दकोड्याचं पुस्तक उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या त्या वृद्धाश्रमात सगळ्यांना वाटलं, बाईंचा डोळा लागलाय. दुपारचा चहा घेऊन आलेल्या नर्सने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. जानेवारी २०१८ ची एकोणतीस तारीख, तिथला ऐन उन्हाळा. वय त्र्याऐंशी, पियानो शिकवून निवृत्त झालेली बाई.

म्हातारी माणसं जातात. पण त्या लाउंजच्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर तापमान छत्तीस होतं, आणि एसी पूर्ण जोराने चालू होता.

दहा दिवसांनी मृणालिनी सबनीस तिथे उभी होती. पुण्यातून न्यूझीलंडला येऊन तिला अठरा वर्षं झाली होती. इमारतीला किती थंडावा लागेल, किती ऊब लागेल, ते मोजून मशीनं ठरवणं हा तिचा धंदा. हल्ली ती दुसऱ्यांनी केलेली मोजणी तपासायची. अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, म्हणजे कोरोनरला, स्वतंत्र माणसाचा अहवाल हवा होता.

"किया ओरा," आश्रमाची मॅनेजर मेरे माओरीत नमस्कार करत म्हणाली, "आधी इकडे चला."

तिने मृणालिनीला लाउंजमधून, काचेच्या छताच्या कॉरिडॉरमधून, जेवणाच्या हॉलमध्ये नेलं. हॉलच्या काचेतून खाली मनुकाऊ हार्बरचं पाणी दिसत होतं. आणि मृणालिनीच्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे, गारठ्याने.

"इथे आमच्या आज्या शाल घेऊन जेवतात," मेरे म्हणाली. "तिकडे भाजून निघतात. दोन उन्हाळे तक्रारी केल्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच, थर्मोस्टॅट नीट लावा." तिचा आवाज कोरडा होता. "डोरीनला मीच त्या खुर्चीत बसवलं होतं. बाहेर बघायला आवडायचं तिला. माझी चूक नाही असं मला कुणीतरी कागदावर लिहून द्या. किंवा आहे असं लिहा. पण लिहा."

मृणालिनीने बाइंडर उघडलं. डिझाइन करणाऱ्या कंपनीने ते कोरोनरकडे दिलं होतं. आत उष्णतेचा तक्ता होता, म्हणजे कुठल्या खोलीत बाहेरून किती उष्णता येणार त्याची मोजणी. लाउंज आणि हॉल जुळ्या बहिणींसारखे, सारखा आकार, सारखी काच. फरक दिशेचा. लाउंजची काच उत्तरेला, हॉलची दक्षिणेला. तक्त्यात लिहिलं होतं, उत्तरेचं लाउंज, चौदा किलोवॅट. दक्षिणेचा हॉल, चोवीस.

ती तिथल्या तिथे थबकली. पृथ्वीच्या या अर्ध्या भागात ऊन उत्तरेकडून येतं, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. दक्षिणेकडून ऊन येतं असं फक्त तिकडून आलेला माणूस धरून चालेल. आपल्या देशातून आलेला.

तिने पहिलं पान उलटून सही पाहिली. सुशील खरात.

२

सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर तिचं ऑफिस होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"मृणाल, खाली ये. गरम जिलबी काढलीय."

मकरंददादा होते. वय एकसष्ट, डिझाइन करणाऱ्या त्या कंपनीतले सगळ्यांत जुने इंजिनियर. ऑकलंडमध्ये या धंद्यातली मराठी माणसं बोटावर मोजण्याइतकी. ओळखीचा नाही असा माणूस आणायचा कुठून? मृणालिनीने काम घेतानाच ही ओळख कोरोनरला लिहून कळवली होती. तिचं नावही मकरंददादांनीच सुचवलं होतं म्हणे.

"वर या ना, चहा करते."

"नको गं, गाडी रस्त्यातच लावलीय. खालीच ये."

जिलबी खाऊन झाली. मग बोटं पुसत ते म्हणाले, "तू तक्ता पाहिलास."

"पाहिला."

"पोरगं वाईट नाही. सांगलीकडचं. इथे शिकायला आलं, मग नोकरी लागली. फ्लॅट बुश उपनगरात कुणाच्या तरी घरात एका खोलीत राहतं. वर्क व्हिसा आहे, रेसिडेन्सीचा अर्ज आत गेलाय. तू लिहिशील ते लिहिशीलच, पण जरा हात सैल ठेव. अशी चूक कुणाची होत नाही?"

मृणालिनीचे कान तापले. कारण अशी चूक तिची झाली होती. ऑकलंडमधल्या तिच्या पहिल्याच वर्षी, एका शाळेच्या सभागृहासाठी. प्रोग्रॅममध्ये अक्षांश भरताना तिने दक्षिण लिहिलंच नाही, आणि प्रोग्रॅमने सूर्य भलत्या बाजूला नेला. तेव्हा दोघं एकाच ऑफिसात होती. शेजारच्या टेबलावरून मकरंददादांनी कागद उचलला, काहीतरी पुटपुटले, आणि मालकाला कळायच्या आत तिच्याकडून नवा करून घेतला. त्यानंतर आजतागायत त्यांनी तो विषय काढला नव्हता. आज काढला.

"सुशीलचं कुणी पाहिलं नाही का?" तिने विचारलं. "तपासणारा कोण होता?"

"घाईत निसटलं असेल. माझाच दोष म्हण हवं तर." ते उठले, टेबलाला हात टेकून. "आणि एक सांगतो, नंतर कळून तुला राग येण्यापेक्षा आधीच. कॉम्प्युटरवर मूळ फाइल शोधू नकोस. ती नाहीये."

३

कंपनीचे मालक चंद्रशेखर यांनी तिला बसूसुद्धा दिलं नाही.

"मृणालिनीताई, स्पष्ट बोलतो. मी महिनाभर पुण्याला होतो, पुतणीच्या लग्नाला. गेल्या मंगळवारी उतरलो तर हे वाढून ठेवलेलं. तोवर बाइंडर कोरोनरकडे गेलंसुद्धा होतं. पोराने चूक केली, पोराला काढतो. तुमचा अहवाल कधी मिळेल?"

"मूळ फाइल कुठे गेली?"

"सर्व्हर बदलला डिसेंबरमध्ये. गेली असेल त्यात. शंभर फायली गेल्या."

"शंभर?"

"बरं, एक गेली!" ते ओरडले, आणि मग पाण्याचा ग्लास शोधू लागले.

एकच फाइल. मृणालिनीने ते वहीत लिहिलं. ज्याला घाई असते त्याच्याकडे तिचं लक्ष जायचं, आणि या माणसाला फारच घाई होती.

सुशील मीटिंग रूममध्ये आधीच येऊन बसला होता. अठ्ठावीसेक वर्षांचा, दाढी वाढलेली.

"मॅडम, मला ते आकडे आठवत नाहीत," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी रोज आठवायला बसतो. अक्षांश मी बरोबर भरला होता असं वाटतं. पण सगळे म्हणतात नवीन होतास, झालं असेल. सही तर माझीच आहे."

"सही पहिल्या पानावर आहे. तक्ता तिसऱ्या पानावर."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. काय नक्की आठवतंय ते सांग."

त्याने बराच विचार केला. "कोटिंग. समुद्राकडचं मशीन खाऱ्या वाऱ्याने गंजणार, म्हणून त्याला निळं कोटिंग हवंच, असा मी हट्ट धरला होता. दोन्हीला द्यायला चंद्रशेखर सर तयार नव्हते. एकाला तरी द्या म्हटलं. ते दिलं." मग एकदम म्हणाला, "ती बाई पियानो शिकवायची ना? मी पेपरात वाचलं."

मृणालिनीने वही मिटली. पश्चात्तापाचा चेहरा खरा असतो, पण तो चूक केलेल्याचाही असतो आणि चूक केली असं पटवून दिलेल्याचाही. तिला त्या घडीला फरक सांगता आला नसता.

ती निघाली तेव्हा जिन्यात संपदाने तिला गाठलं. संपदा तिथे नकाशे काढायची. हातात प्लॅनची गुंडाळी होती.

"मॅडम, मला कुणी विचारलेलं नाही, पण सांगून टाकते. क्लायंटला समुद्र कागदाच्या वरच्या बाजूला हवा होता. ब्रोशरसारखा. म्हणून मी अख्खा प्लॅन फिरवला. दक्षिण वर, उत्तर खाली. बाण काढलाय मी, हा बघा. पण लहान आहे." तिने प्लॅन मृणालिनीच्या हातात दिला. "मशीन एक आणि मशीन दोन एवढंच लिहिलंय, क्षमता तक्त्यात पाहा म्हणून. कुणी बाण पाहिला नसेल तर?"

४

मशीनं बसवणारा ग्रॅहम वृद्धाश्रमाच्या छतावर आधी चढला. इमारतीच्या मागच्या भिंतीला सरळसोट लोखंडी शिडी होती. मृणालिनीने मकरंददादांनाही बोलावलं होतं. ते पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे होते.

"येताय ना?"

"तू हो पुढे. मला एक फोन यायचाय."

वर वारा असा होता की वही उडून जाईल. छताच्या दोन टोकांना दोन मशीनं, मोठ्या कपाटांएवढी. खालून समुद्राचा खारट वास येत होता. ती आधी पाण्याच्या बाजूला गेली, हॉलला गार करणाऱ्या मशीनपाशी. नावाच्या पट्टीवर चोवीस. कागदाप्रमाणेच. लाउंजच्या बाजूला चौदा. तेही कागदाप्रमाणेच. कागद आणि छत यांचं अगदी गूळपीठ जमलं होतं.

ती परत वळणार, तेवढ्यात तिचा हात मशीनच्या जाळीला लागला आणि पांढरी भुकटी बोटांना चिकटली. तिने वाकून पाहिलं. जाळीच्या पात्या खाऱ्या हवेने खाल्ल्या होत्या, स्क्रू तांबरलेले. निळा रंग कुठेच नव्हता.

ती जवळजवळ पळतच दुसऱ्या टोकाला गेली. जमिनीकडच्या, वाऱ्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या चौदा किलोवॅटच्या मशीनच्या पात्या कालच खोक्यातून काढल्यासारख्या चकचकीत होत्या. निळ्या.

"ग्रॅहम, ही दोन्ही क्रेनने चढवली तेव्हा कुठलं कुठे जायचं हे कुणी सांगितलं?"

"प्लॅनवर होतं. एक नंबर वर, दोन नंबर खाली."

"वर म्हणजे उत्तर?"

"वर म्हणजे नेहमी उत्तरच असते, मेट." तो बोलता बोलता थांबला. मग प्लॅन तिच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि कोपऱ्यातला बाण शोधू लागला. सापडला तेव्हा एक शिवी हासडून मशीनच्या चबुतऱ्यावर खाली बसला.

"नंतर तपासायला कुणी आलं नाही का?"

"कागद आला. सगळं डिझाइनप्रमाणे बसलंय, सही. म्हटलं, स्वीट अ‍ॅज, झकास झालं, आणि आम्ही सामान आवरलं. माणूस आलेला मी तरी पाहिला नाही."

समुद्राकडच्या मशीनला कोटिंग हवं असा हट्ट धरणाऱ्या माणसाने कोटिंगवालं मशीन समुद्राकडेच जाईल असं धरलं होतं. म्हणजे सुशीलच्या डोक्यात दक्षिणेला चौदा होतं. आणि उत्तरेला चोवीस. मोजणी बरोबर होती. मशीनं बसवताना उलटली.

मग बाइंडरमधला तक्ता त्या उलटलेल्या छताशी जुळत कसा होता?

५

रविवारी सकाळी मृणालिनीने जेवणाच्या टेबलावर तो तक्ता पसरला. कुणीतरी पान बदललं होतं, हे उघड होतं. पण कोटिंगचा पुरावा छतापुरता. चंद्रशेखर म्हणाले असते, पोराने दोन चुका केल्या, मोजणीही चुकवली आणि कोटिंगही. पान खोटं आहे हे पानानेच सांगायला हवं होतं.

तिने प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवून वाचायला सुरुवात केली. भिंती. माणसं. दिवे. काचेतून येणारं ऊन. दक्षिणेला भरपूर, उत्तरेला जवळजवळ नाही. महिना फेब्रुवारी. अगदी तिच्या जुन्या चुकीसारखंच.

अगदी? तिने पट्टी एक ओळ खाली सरकवली. कॉरिडॉर, काचेचं छत. आकडा मोठा होता, नऊ किलोवॅट. इथल्या फेब्रुवारीत डोक्यावर तळपणाऱ्या उन्हाला शोभेल असा.

ती ताठ बसली. अक्षांश चुकला तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? प्रोग्रॅमला वाटतं इमारत विषुववृत्ताच्या वर आहे. तिकडे फेब्रुवारी म्हणजे हिवाळा. सूर्य दक्षिणेला, खरा, पण खाली कललेला. तो खिडक्यांमधून आडवा घुसतो आणि छतावर मवाळ पडतो. तिच्या सभागृहाच्या छतावर म्हणूनच ऊन निम्मं दिसलं होतं. इथे मात्र खिडक्यांवर तिकडचा सूर्य होता आणि छतावर इकडचा. एका दिवसाला दोन सूर्य! हे प्रोग्रॅमचं काम नव्हतं. हे हाताने केलेलं होतं. कुणीतरी दोन खोल्यांचे उन्हाचे आकडे आपसांत बदलले होते, बस्स.

मग छताचा आकडा का नाही बदलला? अडाणी माणूस असेल, असं तिला आधी वाटलं. संपदा? पण फिरवलेल्या प्लॅनची गोष्ट संपदाने आपणहून सांगितली होती. लपवायचं असतं तर ती जिन्यात कशाला धावत आली असती? तिने बेरीज पाहिली. सत्तेचाळीस. कौन्सिलकडे मंजुरीला दिलेल्या कागदात खोलीवार आकडे नव्हते, पण एकूण होतं. सत्तेचाळीस. छताचा आकडा हलवला असता तर बेरीज बिघडली असती आणि कौन्सिलच्या कागदाशी जुळली नसती. जुळ्या खोल्यांचे आकडे अदलाबदल केले की बेरीज जिथल्या तिथे.

म्हणजे तो अडाणी नव्हता. त्याला काचेच्या छताचा आकडा दिसला होता, आणि बेरजेमुळे त्याचे हात बांधलेले होते.

चंद्रशेखर त्या दिवसांत पुण्याला. ग्रॅहमचा बाइंडरशी संबंध नाही. सुशील स्वतःच्या गळ्यात फास अडकवणार नाही. छतावर सगळं ठीक आहे अशी सही ज्याने दिली, त्यालाच छत आणि कागद जुळवून घ्यायची गरज होती. ती सही मृणालिनीने आतापर्यंत पाहिलेली नव्हती, कारण कौन्सिलकडून तो कागद यायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी आला होता, ईमेलमध्ये पडून होता.

तिला तो उघडायची गरज वाटत नव्हती. जिलबी खायला खालीच ये म्हणणारा माणूस. शिडीखाली फोनची वाट बघणारा माणूस. तरी तिने उघडला. 'दोन्ही मशीनं छतावर प्रत्यक्ष पाहिली.' खाली ओळखीची, उजवीकडे झुकलेली सही.

६

त्याच संध्याकाळी मकरंददादा घरामागच्या बागेत टोमॅटोला पाणी घालत होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी नळ बंद केला.

"गुडघे कधीपासून?" तिने विचारलं.

ते प्लास्टिकच्या खुर्चीत सावकाश बसले. "तीन वर्षं. जिना जमत नाही, शिडी तर लांबच. साइटवर जाऊ न शकणारा इंजिनियर कोण ठेवेल? ग्रॅहम चांगलं काम करतो. दहा इमारती मी अशाच सही केल्या, काही झालं नाही."

"अकरावीत झालं."

"बाई गेल्याचं कळलं, त्याच दिवशी मी ग्रॅहमकडून छताचे फोटो मागवले. पाहिले आणि कळलं. मग पान बदललं, फाइल पुसली." त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले. "मृणाल, पोरगं तरुण आहे. त्याला अशी चूक माफ होते. नोकरी गेली असती, दुसरी लागली असती. मला या वयात..."

"त्याचा अर्ज आत आहे, दादा. दुसरी नोकरी लागेस्तोवर त्याला देश सोडावा लागला असता. आणि जन्मभर त्याला वाटलं असतं की ती बाई आपल्यामुळे गेली."

त्यांनी पाण्याची नळी पायाने बाजूला सारली.

"माझं नाव तुम्ही सुचवलंत."

"हो."

"मी तीच चूक केली होती म्हणून. मला दया येईल म्हणून."

"काचेच्या छताचा आकडा तुला दिसेल याची भीती होती," ते म्हणाले. "पण वाटलं, स्वतःची चूक माणूस फार वेळ बघत नाही. पटकन पान उलटतो." मग हळूच, "माझं अठरा वर्षांपूर्वीचं... त्याचं काही नाही का?"

हाच प्रश्न तिला दिवसभर छळत होता. या माणसाने तिला बुडू दिलं नव्हतं. तिचं इथलं सगळं त्या एका दुपारवर उभं होतं.

"आहे," ती म्हणाली. "म्हणून आधी इथे आले. उद्या दुपारी बारापर्यंत तुम्ही स्वतः लिहून दिलंत तर माझ्या अहवालात तेही येईल. नाही दिलंत तर फक्त माझं येईल. आणि माझी जुनी चूकही मी त्यात लिहिणार आहे. कोण पान तपासतंय, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

ते उठून आत गेले. तिला वाटलं, आता दार लावून घेतील. पाच मिनिटांनी बाहेर आले ते हातात एक पान घेऊन. मूळ तिसरं पान. उत्तरेला चोवीस, दक्षिणेला चौदा.

"फाडून टाकणार होतो," ते म्हणाले. "फाडवेना. बघ ना किती नेटकं केलंय पोराने."

*

सोमवारी अकरा वाजता त्यांचा जबाब कोरोनरकडे पोचला. सही करायचा हक्क गेला, नोकरी गेली. त्यांच्या आधीच्या दहाही इमारतींच्या छतांवर आता दुसरी माणसं चढत होती. चंद्रशेखरांनी सुशीलला पुन्हा कामावर बोलावलं. त्याने आठवडाभर उत्तर दिलं नाही, मग गेला. संपदाने आपल्या टेबलासमोर कागद चिकटवला, उत्तर वर. मेरेला हवा होता तसा एक कागद मृणालिनीने वेगळा लिहून दिला. त्यात होतं की खुर्ची लाउंजमध्ये ठेवण्यात कुणाची चूक नव्हती, आणि दोन उन्हाळ्यांतली प्रत्येक तक्रार बरोबर होती. मेरेने तो उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि घडी न घालता टेबलावर ठेवला.

मार्चमध्ये क्रेन आली. मोठं मशीन उत्तरेला गेलं, लहान निळं मशीन समुद्राकडे. सुशील शिडीवरून सर्रकन वर चढला, दोन्ही नावाच्या पट्ट्या वाचल्या, फोटो काढले. मग मृणालिनीशेजारी येऊन उभा राहिला. खाली लाउंजमध्ये आज्यांच्या खुर्च्या परत मांडत होते.

"ताई, एक विचारू? खरं सांगा. पहिल्या दिवशी सही पाहिलीत तेव्हा, तुम्हालाही मीच वाटलो होतो ना?"

तिला खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं.

"हो," ती म्हणाली.

सुशीलने पाण्याकडे पाहत मान हलवली.

"मलाही," तो म्हणाला.